मराठी भाषेतला फोन आणि सर्व्हरने नाकारलेली तारीख: एक प्रकरण अभ्यास

गावच्या दूध संस्थेत संकलनाच्या नोंदी ठेवणारं एक अँड्रॉइड ॲप आहे. सकाळ-संध्याकाळच्या पाळीला सचिव सभासदाचा नंबर टाकतो, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) भरतो, पावती निघते. नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये बसते आणि रेंज आली की सर्व्हरला जाते. दर दहा दिवसांनी बिल निघतं. संस्था आणि ॲप इथे नमुन्यादाखल घेतले आहेत. जावा, अँड्रॉइड, एसक्यूलाइट यांची खाली सांगितलेली वागणूक मात्र कुणालाही आपल्या मशीनवर पडताळता येईल.

सर्व्हरची नवी आवृत्ती चढली आणि काही केंद्रांच्या नोंदी ४०० (विनंती अवैध) हा स्टेटस कोड घेऊन परत येऊ लागल्या. ॲपमधला ‘सिंक बाकी’चा आकडा वाढत गेला. बाकीच्या केंद्रांचं सगळं सुरळीत. ॲपची आवृत्ती तीच, फोनचं मॉडेल तेच, तरी शेजारशेजारच्या दोन गावांत एकाचं चालतं आणि दुसऱ्याचं अडतं. रेंजचा संशय घेऊन सिम बदलून झालं, काही ठिकाणी ॲप काढून पुन्हा टाकलं गेलं. (हा दुसरा उपाय कधीच सुचवू नये. ॲप काढलं की सर्व्हरला न गेलेल्या नोंदीही त्याबरोबर जातात.)

अडलेल्या फोनांत समान गोष्ट एकच निघाली: फोनची भाषा मराठी. ऑफिसातले फोन इंग्रजीत असल्यामुळे तिथे बिघाड दिसलाच नाही. भारतीय भाषेत काही होतंय का म्हणून हिंदी लावून पाहिली, तर तीही बिनतक्रार चालली आणि भाषेवरचा संशय फिटला. तपास चुकला तो इथेच.

लॉगमधल्या दोन ओळी

चालणाऱ्या केंद्राची नोंद:

2024-12-29 06:10:00+05:30

अडलेल्या केंद्राची नोंद:

२०२४-१२-२९ ०६:१०:००+05:30

मराठी वाचणाऱ्याच्या नजरेला दुसऱ्या ओळीत काहीच खटकत नाही. वर्ष बरोबर, महिना बरोबर, वेळ बरोबर. म्हणूनच लॉग चाळताना ती पुन्हा पुन्हा नजरेतून सुटते. संशय घेण्यासारखी खूण शेवटी आहे: वेळेपर्यंतचे अंक मराठी आणि साडेपाच तासांचा फरक मात्र इंग्रजी अंकांत. सिंपलडेटफॉरमॅट हा जावाचा जुना क्लास वर्ष, महिना, तास हे आकडे भाषेनुसार लिहितो. टाइमझोनचा फरक वेगळ्या वाटेने लिहिला जातो आणि तिथे भाषा विचारात घेतली जात नाही. अशी अर्धी-अर्धी ओळ दिसली की माणसाने टाइप केलेली नाही, प्रोग्रामनेच ती बनवली आहे हे नक्की समजावं.

बाइट मोजले की फरक लपत नाही. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी यादी. इंग्रजी अंकांचे युनिकोड क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये ३० ते ३९, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकी एक बाइट. देवनागरी अंकांचे क्रमांक ०९६६ ते ०९६एफ, प्रत्येकी तीन बाइट. शून्याचे बाइट ई०, ए५, ए६. म्हणजे नुसती तारीख, दहा अक्षरांची, इंग्रजी अंकांत १० बाइट भरते. मराठी अंकांत आठ अंकांचे चोवीस आणि दोन आडव्या रेघांचे दोन मिळून २६. यूआरएलमध्ये घातली तर देवनागरी अंकांचा प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरांचा होतो आणि हीच तारीख ७४ अक्षरांची बनते. दहा बाइटांची जागा राखलेल्या फाइलीत ती मावतच नाही.

फोनने असं का केलं

कोणत्या भाषेत कोणते अंक वापरायचे हे युनिकोड कन्सोर्टियमच्या सीएलडीआर या भांडारात नोंदवलेलं असतं. महिन्यांची नावं, तारखेची मांडणी, आठवड्याचा पहिला वार, हे सगळं तिथेच. मराठी आणि नेपाळीसाठी नेहमीचे अंक देवनागरी आहेत. बंगाली आणि आसामीसाठी बंगाली. हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ यांच्यासाठी मात्र इंग्रजी अंक. लिपी तीच असूनही हिंदीतली चाचणी पास झाली ती यामुळे.

ॲपमधला कोड साधा होता: सिंपलडेटफॉरमॅटला नमुना दिला (चार लहान वाय, दोन मोठे एम, दोन लहान डी, पुढे वेळ) आणि भाषा सांगितली नाही. भाषा न सांगितल्यावर क्लास फोनची भाषा घेतो, आणि फोन मराठीत असला की मराठी अंक लिहितो. यात लायब्ररीची चूक काही नाही. मराठी माणसाला वाचायला तारीख मागितली तर तिने असंच द्यायला हवं. चूक आहे ती सर्व्हरला पाठवायच्या तारखेसाठी हीच वाट धरण्यात.

तारखेपुरतंच हे थांबत नाही. शून्य पुढे लावून दोन आकडी महिना बनवायला स्ट्रिंग.फॉरमॅट वापरलं की तिथेही फोनची भाषा लागते. फॅट एका दशांशापर्यंत लिहिताना ४.२ हेही मराठी अंकांतच निघतं. उलट, पूर्णांक नुसता स्ट्रिंगला जोडला तर तो नेहमी इंग्रजी अंकांतच येतो. त्यामुळे सर्व्हरला जाणाऱ्या एकाच जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या मजकुराच्या साच्यात) सभासदाचा नंबर इंग्रजी, तारीख मराठी आणि फॅटही मराठी असं मिश्रण मिळतं, आणि काही आकडे नीट येतायत म्हणून कोड ठीक आहे असं वाटत राहतं.

आधी चालत होतं, मग आत्ताच का अडलं

ॲपमध्ये काहीच बदल झाला नव्हता. मराठी अंकांतल्या तारखा पहिल्या दिवसापासून जात होत्या आणि सर्व्हर त्या मुकाट्याने घेत होता. जुन्या सर्व्हरवर तारीख वाचायलाही सिंपलडेटफॉरमॅटच होता. वाचताना हा क्लास सैल आहे: समोरचं अक्षर आपल्या भाषेतला अंक नसेल, तर युनिकोडमधला दुसऱ्या कुठल्या लिपीतला अंक आहे का हे तो तपासतो आणि असल्यास किंमत घेतो. नव्या आवृत्तीत सर्व्हर जावा.टाइम या पॅकेजवर आणला गेला. त्यातला डेटटाइमफॉरमॅटर वेगळी अंकशैली सांगितली नसेल तर फक्त इंग्रजी अंक ओळखतो. पहिलंच अक्षर ‘२’ आलं आणि ‘शून्याव्या जागी वाचता आलं नाही’ अशी एरर देऊन तो थांबला. स्थलांतराचा निर्णय बरोबरच होता. जुनी ढिलाई झाकून ठेवत होती ते त्याने उघड केलं इतकंच.

या ढिलाईला प्रोग्रामिंगच्या भाषांभाषांत कसलीच सुसंगती नाही, आणि तपास करणाऱ्याचा घोळ होतो तो इथे. जावामध्ये पूर्णांक वाचणारं इंटिजर.पार्सइंट ‘४२’ बिनतक्रार वाचतं, पण डबल.पार्सडबल ‘४.२’ वर एरर देतं. म्हणजे लिटर पूर्णांकात असले तर नोंद पास, फॅट आलं की नापास. पायथन ३ मध्ये इंट मराठी अंक घेतं, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुराचा साचा तपासणाऱ्या रचनेतली) ‘कोणताही अंक’ ही खूण युनिकोडमधल्या सगळ्या अंकांना लागू पडते; तारीख तपासणारी रचना मराठी तारखेलाही ‘बरोबर’ म्हणते. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त इंग्रजी अंकांपुरती, आणि मराठी अंकांची तारीख डेटला दिली की ‘अवैध तारीख’. पोस्टग्रेसक्यूएल तारखेच्या प्रकारात ती घेतच नाही, एरर देतं. एसक्यूलाइटची तारखेची फंक्शनं एररही देत नाहीत, नल (रिकामी किंमत) परत करतात.

एक जागा अशी आहे की तिथे गाठ लगेच पडते. काही ॲप तारीख एचटीटीपीच्या हेडरमध्ये पाठवतात. ओकेएचटीटीपी ही लायब्ररी हेडरच्या किमतीत इंग्रजीबाहेरचं अक्षर आलं की जागीच अपवाद फेकते आणि संदेशात त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक देते. क्रॅशच्या अहवालात ९६८ हा क्रमांक दिसला तर तो मराठी दोनचा अंक आहे. ॲप कोसळलेलं कुणालाच नको असतं, पण पहिल्याच दिवशी कळलेला दोष महिनोन्महिने मुरलेल्या दोषापेक्षा बरा.

खरं नुकसान: दहा दिवसांचं बिल

४०० ची एरर दिसते तरी. फोनमधल्या बिलात जे झालं ते दिसलंही नाही.

एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकार नाही. बहुतेक ॲप तारीख मजकूर म्हणून ठेवतात, हेही तसंच ठेवत होतं. २१ ते ३१ डिसेंबरचं बिल काढताना त्या दोन तारखांच्या मधल्या ओळी मागितल्या जातात आणि तुलना मजकुराची, बाइट बाय बाइट होते. फोन सतत मराठीत असेल तर सीमेच्या दोन्ही तारखाही मराठी अंकांतच बनतात. देवनागरी अंकांचे क्रमांकही शून्य ते नऊ असे ओळीने आहेत, त्यामुळे आपापसांत त्यांचा क्रम बरोबर लागतो आणि बिल अचूक निघतं.

मग सिंक अडल्यावर मदतकक्षाने सल्ला दिला: फोनची भाषा इंग्रजी करा. सचिवाने केली. नव्या नोंदी इंग्रजी अंकांत बसू लागल्या, सर्व्हरला जाऊ लागल्या, तक्रार मिटल्यासारखी वाटली. पण आता बिलाच्या सीमा इंग्रजी अंकांत होत्या. मराठी अंकाचा पहिला बाइट ई०, इंग्रजी दोनचा ३२. म्हणून मराठी अंकांतली कोणतीही तारीख इंग्रजी अंकांतल्या प्रत्येक तारखेच्या पुढे पडते. २०२४ ची मराठी नोंद २०९९ च्या इंग्रजी नोंदीनंतर येते. भाषा बदलण्याआधीचं सगळं दूध बिलातून गळलं. एरर नाही, इशारा नाही, फक्त बेरीज कमी. सभासदाने आपल्या पावत्या जुळवल्या नाहीत तर त्याचे पैसे बुडतात. म्हणून भाषा बदलायला सांगणं हा तात्पुरता उपायसुद्धा मानता येत नाही. तो बिघाड एका जागेवरून काढून जास्त महागाच्या जागी नेतो.

त्यात भर म्हणजे काही सचिवांनी ‘नोंद दिसत नाही’ म्हणून तेच दूध पुन्हा भरलं. सभासद, तारीख आणि पाळी यांवर युनिक इंडेक्स (दुबार नोंद अडवणारा डेटाबेसचा नियम) होता, पण दोन तारखांचा मजकूर वेगळा असल्याने त्याने अडवलं नाही. एकाच पाळीच्या दोन नोंदी तयार झाल्या.

दुरुस्ती, आणि ती कोणत्या क्रमाने

पहिलं काम सर्व्हरवर. सगळे फोन अपडेट व्हायला आठवडे लागतात, तोवर दूध थांबत नाही. म्हणून सर्व्हरच्या दारातच येणाऱ्या मजकुरातलं प्रत्येक अक्षर कॅरेक्टर.डिजिट या फंक्शनला दहाच्या पायावर विचारायचं: अंक असेल तर त्याची किंमत मिळते, तिचा इंग्रजी अंक लिहायचा, उणे एक आलं तर अक्षर जसंच्या तसं ठेवायचं. यात बंगाली, अरबी, सगळे अंक येतात. ‘०’ ते ‘९’ यांची दहा रिप्लेस लिहिणारे लोक मराठी सोडवतात आणि बंगाली तसंच ठेवतात. हे फक्त तारीख, फॅट, लिटर अशा ठरलेल्या फील्डवर करायचं. नाव-पत्त्याला हात लावायचा नाही. विनंतीवर डिजिटल सही असेल तर सही मूळ बाइटांवर तपासून घ्यावी, अंक नंतर बदलावेत. उलटं केलं तर सही जुळणार नाही. आणि असं रूपांतर झालं की ॲपच्या आवृत्तीसह लॉगमध्ये नोंद करावी. ती नोंद येणं थांबलं की ही सवलत काढता येते.

दुसरं काम ॲपमध्ये. यंत्राने वाचायच्या तारखेसाठी जावा.टाइम वापरावं. लोकलडेटचं टूस्ट्रिंग भाषा कोणतीही असो, इंग्रजी अंकांतच तारीख देतं. वेळेसह हवी असेल तर ऑफसेटडेटटाइम आणि आयएसओचा तयार फॉरमॅटर. तो तारीख आणि वेळ यांच्या मध्ये इंग्रजी टी घालतो, त्यामुळे सर्व्हर जागा सोडलेला जुना नमुना आणि हा नवा, दोन्ही काही काळ वाचू शकला पाहिजे. अँड्रॉइड ८.० म्हणजे एपीआय २६ पासून जावा.टाइम फोनमध्येच आहे. त्याआधीच्या फोनांसाठी बिल्डमध्ये कोअर लायब्ररी डीशुगरिंग (नव्या जावाचे क्लास जुन्या फोनवर चालवणारी सोय) चालू करावं लागतं.

सिंपलडेटफॉरमॅट सोडता येत नसेल तर त्याला लोकेल.यूएस (लोकेल म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, इथे अमेरिकन इंग्रजी) स्पष्ट द्यावं. यंत्रासाठीच्या मजकुराला हेच वापरावं असं अँड्रॉइडच्या कागदपत्रांतही सांगितलं आहे. स्ट्रिंग.फॉरमॅटलाही तेच. नमुना पुन्हा टाइप करताना वर्षासाठी लहान वाय आहे ना, हे पाहावं. मोठा वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशोबातलं वर्ष. लोकेल.यूएसमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी २०२५ ज्या आठवड्यात पडला तो २९ डिसेंबर २०२४ ला सुरू झाला. मोठ्या वायने लिहिलेल्या २९, ३० आणि ३१ डिसेंबरच्या नोंदी २०२५ सालच्या होतात. एक दोष काढताना दुसरा घालण्याची ही हमखास जागा आहे, आणि वर्षाचे शेवटचे काही दिवस सोडले तर तो कधीच दिसत नाही.

एका आडवाटेपासून जपायला हवं. ॲप सुरू होतानाच लोकेल.सेटडिफॉल्टने इंग्रजी लावली की वरचं सगळं एका ओळीत मिटतं, म्हणून तो मोह होतो. पण मग पडद्यावरची तारीखही इंग्रजी होते. सचिव आणि सभासद ज्या अंकांत हिशोब वाचतात ते अंक प्रोग्रामरच्या सोयीसाठी काढून घेणं बरोबर नाही. सर्व्हरला जाणारा मजकूर आणि माणसाला दिसणारा मजकूर यांची फंक्शनं वेगळी हवीत, नावासकट वेगळी, म्हणजे पुढच्या माणसाचा गोंधळ होणार नाही.

पडद्याच्या बाजूला जावा.टाइमवर आल्यावर उलटा त्रास होतो. महिन्याचं नाव मराठीत येतं, पण अंक इंग्रजी राहतात, कारण डेटटाइमफॉरमॅटरची मूळ अंकशैलीच इंग्रजी आहे. तिथे फॉरमॅटरला विथडेसिमलस्टाइलने मराठी लोकेलची डेसिमलस्टाइल द्यावी लागते. पावतीचा विचार आणखी वेगळा: दोन इंची थर्मल प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमध्ये बहुधा देवनागरी नसते. मजकूर सरळ पाठवला तर अंकांच्या जागी कचरा छापला जातो. पावतीवर इंग्रजी अंक ठेवायचे किंवा ओळ चित्र म्हणून पाठवायची, हे ठरवून करावं.

तिसरं काम फोनमधल्या जुन्या नोंदींचं, आणि ते घाईचं नाही. डेटाबेसच्या आवृत्तीचं अपग्रेड लिहिताना आधी बिघडलेल्या ओळी शोधाव्यात: एसक्यूलाइटच्या ग्लॉब या मजकुराचा साचा जुळवणाऱ्या सोयीत ‘शून्य ते नऊ’ ही कक्षा फक्त इंग्रजी अंकांना लागते, त्यामुळे त्या साच्यात न बसणाऱ्या ओळी म्हणजे दुरुस्त करायच्या ओळी. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ट्रान्सलेट हे फंक्शन दहाही अंक एका फटक्यात बदलतं. एसक्यूलाइटमध्ये ते नाही. दहा रिप्लेस एकात एक घालावे लागतात किंवा ओळी कोडमध्ये वाचून बदलाव्या लागतात.

बदलण्याआधी जोड्या शोधाव्यात: रूपांतरानंतर सभासद, तारीख आणि पाळी एकच होतील अशा नोंदी. त्या तशाच बदलायला गेलं तर युनिक इंडेक्स अडवतो, आणि इथे पुष्कळांचा हात ‘अपडेट ऑर रिप्लेस’कडे जातो. त्याने एरर जाते, पण आड येणारी दुसरी ओळ कायमची पुसली जाते. लिटर दोन्हींत सारखे असतील तर जुनी ठेवून नवी रद्द अशी खूण करता येईल. वेगळे असतील तर खरी कोणती हे प्रोग्रामने ठरवू नये. दोन्ही नोंदी सचिवाला दाखवून पावती-बुकाशी जुळवून घ्याव्यात. सर्व्हरकडे जायची वाट पाहणाऱ्या रांगेत तयार जेसनच साठवलेलं असेल तर तेही टाकून देऊन मूळ ओळींवरून पुन्हा बनवावं. रूपांतरानंतर ओळींची संख्या आणि लिटरची बेरीज आधीशी पडताळावी, वगळलेल्या दुबार नोंदी धरून.

पुन्हा होऊ नये म्हणून

अँड्रॉइडच्या लिंटमध्ये (कोडातले दोष शोधणाऱ्या साधनात) यासाठी दोन तपासण्या आधीपासून आहेत: डिफॉल्टलोकेल आणि सिंपलडेटफॉरमॅट. त्या फक्त इशारा देतात. बिल्ड अडेल अशी एरर करून घ्याव्यात. तरी त्यांच्यावर सगळा भार टाकता येत नाही. इशारा घालवायला प्रोग्रामर कंसात लोकेल.गेटडिफॉल्ट लिहितो, लिंट गप्प बसतं आणि वागणूक जशी होती तशीच राहते. रिव्ह्यूमध्ये तारीख बनवणाऱ्या ओळीत गेटडिफॉल्ट दिसलं की एकच प्रश्न विचारावा: हा मजकूर माणूस वाचणार की मशीन?

चाचणीचा फोन मराठीत ठेवावा, दुसरा बंगालीत. हिंदीची चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही. चाचणीच्या मधोमध भाषा बदलून बिल पुन्हा काढावं, कारण सगळ्यात महाग दोष त्या बदलातच होता. अँड्रॉइड १३ पासून एका ॲपपुरतीही भाषा निवडता येते. मदतकक्षाने ‘फोन कोणत्या भाषेत आहे?’ एवढंच विचारलं तर इंग्रजी फोनमधलं मराठी ॲप सुटून जाईल. निदानासाठी ॲपनेच आपली चालू भाषा विनंतीबरोबर पाठवावी.

युनिट चाचण्यांत डिफॉल्ट लोकेल मराठी-भारत करून तारीख, फॅट आणि लिटर यांचा मजकूर अक्षराला अक्षर जुळवावा. चाचण्या कोणत्या जावावर चालतात हे मात्र आधी पाहावं. जावा ८ डीफॉल्टने सीएलडीआर वापरत नाही आणि त्याच्या स्वतःच्या माहितीत मराठी नाही, त्यामुळे तिथे इंग्रजी अंकच येतात आणि सदोष कोडही पास होतो. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, सीएलडीआर मूळ झालं. ही चाचणी त्यावर किंवा त्यापुढच्या आवृत्तीवरच चालवावी. सुरुवातीला मुद्दाम जुना, सदोष कोड ठेवून ती नापास होते का, हे एकदा बघून घ्यावं.